त्या ओळीपुढचं नाव

कसबा बावडा,
सोमवार

प्रिय अनुजा,

तू फोन उचलत नाहीस, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. पोस्टानं आलेलं पाकीट तुझे आबा आधी उलटंपालटं करून बघतील, मग अख्ख्या गारगोटीला ऐकू जाईल अशी तुला हाक मारतील. न वाचता फाडू नकोस. गोष्ट ऑफिसचीच आहे, पण त्यात तुझं नाव अडकलंय आणि शुक्रवारी अकरा वाजता मला निर्णय द्यायचाय.

यशराजदादांच्या केबिनमधला सर्व्हर तुला आठवत असेलच. ऊसतोडणीचा आपला सगळा प्रोग्रॅम अजून त्या एका डब्यात आहे. लाइट गेली की नऊ माणसं हातावर हात ठेवून बसतात. मुजम्मिल मागं चंदगडला गेला होता, तिथं रेंज नाही म्हणून चार दिवसांत त्याला एक ओळ बदलता आली नाही. शेवटी दादा वैतागले. आता प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळा कोड आणि त्यात आजवर झालेला एकूण एक बदल, अशी पूर्ण नक्कल राहील अशी व्यवस्था आणायची आहे. कुठली आणायची ते नुजहत ठरवेल, म्हणाले. नुजहत म्हणजे तुझ्या खुर्चीवर बसलेली मी.

अशा व्यवस्था दोन, गिट आणि मर्क्युरिअल; मी महिनाभर दोन्ही चालवून बघितल्या. मर्क्युरिअल माझ्या स्वभावाची, चार आज्ञांत काम उरकणारी. गिटमध्ये पहिल्याच आठवड्यात मी माझंच दोन दिवसांचं काम घालवलं आणि आग्रह त्याचा होता म्हणून मुजम्मिलला शिव्या घातल्या. पण नवीन पोरं कॉलेजातूनच गिट शिकून येतात, त्यांना दुसरं काही शिकवत कोण बसणार? तेव्हा गिट. तीन आठवड्यांपूर्वीच ठरलंय माझं. दादा येईल त्या पावण्याला सांगतात, नुजहत लई बारकाईनं बघतीया. बारकाई कसली डोंबलाची! मी निर्णय दाबून बसलेय.

कारण जुने बदल गिटमध्ये न्यायचे तर प्रत्येक बदलापुढे माणसाचं नाव लागतं, आणि आपल्याकडे नाव कुठं आहे? सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, ‘आम्ही’. दादांना त्याचा केवढा अभिमान. “हितं मी-तू न्हाय. केलं तर आम्ही केलं, चुकलं तर आम्हीच चुकलो.” आठ वर्षांचा सगळा प्रोग्रॅम या ‘आम्ही’नं लिहिलाय. कुठल्या दिवशी कोण मशीनवर होतं, ते फक्त भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्यावरून कळायचं. मुजम्मिलनं ते जुने तक्ते काढून नावांची यादी करून दिलीय. दोन वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरातल्या बदलापुढे त्यानं तुझं नाव लिहिलंय. त्याचा काय दोष? तक्त्यावर पाळी तुझीच होती.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि दादांनी रजा नाकारली होती. तू दुपारी मागच्या जिन्यानं निघालीस आणि तुझ्या जागी मी बसले. तारीख वाचणारी ओळ मी बदलली, महिना आधी आणि दिवस नंतर. अकरा जुलैची उसाची लागण प्रोग्रॅमनं सात नोव्हेंबरची धरली आणि तसले सगळे फड तोडणीच्या यादीत चार महिने मागे गेले. पुढं शेतकरीण बनाबाई, वेळेत तोड न मिळाल्यानं तुरा येऊन वाया गेलेला ऊस खांद्यावर टाकून जिना चढून आल्या. दादा म्हणत होते, आमच्याकडनं चुकलं. त्या ऐकेनात. “आमच्याकडनं म्हंजे कुणाकडनं? यंत्रात मानूसच बसला हुता न्हवं? त्येचं नाव सांगा की.”

दादा तक्त्यापाशी गेले. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी माझा जेवणाचा रिकामा डबा पुसत राहिले. “मी त्या दिवशी ऑफिसात नव्हते,” एवढं तू म्हणाली असतीस तर माझं नाव निघालं असतं. म्हणून तू गप्प राहिलीस. मी गप्प राहिले ती नुसत्या भीतीनं. त्याला दुसरं नाव देत नाही.

तुझी नोकरी गेली आणि खुर्ची माझ्याकडे आली, सर्व्हरचा पासवर्डही. तुला लोकांनी हसावं आणि मला मान द्यावा, असं दोन वर्षं चाललंय. तुझ्याबद्दल दुसऱ्या कंपनीतून चौकशीचा फोन आला की दादा उसाची गोष्ट सांगतात आणि मी पलीकडच्या टेबलावर ऐकत असते. तू दहावीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवतेस ते त्यामुळेच, हे मला ठाऊक आहे. मला पुण्याहून दोनदा नोकरीचं बोलावणं आलं. गेले नाही. माझ्यामागं कुणी ती ओळ उकरली तर काय, या धास्तीनं मी इथंच खिळलेय. चोरानं स्वतःच्याच चोरीच्या राखणीला बसावं, तशी गत झालीय.

आणि आता सुटकेची वाटही दादांनीच दाखवलीय. म्हणाले, जुनं कशाला उकरायचं, आजच्या कोडवरनं नवं सुरू कर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हो म्हटलं की तो सर्व्हर भंगारात, त्याबरोबर ती ओळही, आणि तुझ्यावरचा डाग मात्र लोकांच्या तोंडी कायमचा. मी म्हटलं, जुने बदल न्यायचेच. एवढं एक तोंडातून निघालं. यादीत त्या बदलापुढे मी माझं नाव लिहिलंय. पण खरं सांगू? कालपासून ते तीनदा बदललंय. माझं, मग तुझं, मग पुन्हा माझं. शुक्रवारी नऊही जणांनी आपापल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं की मला एकटीला ते खोडता येणार नाही. तोवर पासवर्ड माझ्याच हातात आहे, आणि मी मला चांगली ओळखते.

म्हणून हे हातानं लिहिलंय आणि खाली पूर्ण सही करतेय. माफ कर म्हणायला हे पत्र नाही, ते मागायचं तोंड मला नाही. याची एक नक्कल तुझ्याकडे असावी, एवढ्यासाठी आहे. शुक्रवारी अकराला ऑफिसात ये. मी सगळ्यांसमोर सांगेन. सांगता सांगता माझी जीभ अडकली, तर हा कागद दादांच्या हातात दे.

तुझीच,
नुजहत मौला मुल्लाणी