गुरुवारची दोन कुलुपं

ओरेब्रू, शुक्रवार सकाळ

प्रिय सिग्नेताई,

तुझ्या धाकट्या टोर्स्टेनचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच, कंबर अजून तशीच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी यंदा तरी अळंबी नीट पारखून आणली ना?

आता बातमी. आमच्या इमारतीच्या तळघरातली कपडे धुण्याची सामाईक खोली मोडून तिथे सायकली ठेवायचा घाट अध्यक्ष रोलांडने घातला होता. माझी पाळी गुरुवारी चार ते सात, हे तुला ठाऊक आहे. सातनंतरची पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मायलिसची. सातला पाच कमी असताना ती टोपली घेऊन येते आणि आम्ही पाच मिनिटं बोलतो. ती पाच मिनिटं गेली तर माझ्या आठवड्यात उरतं काय? म्हणून वार्षिक सभेत स्लाइड दाखवून खोली वाचवायची, असा मी विडा उचलला.

पहिल्या खेपेला चौसष्ट स्लाइड झाल्या, अख्खी नियमावली मुंगीएवढ्या अक्षरांत. मग तुझा फोन आला, "अरे, लोकांना वाचता येतं! एका स्लाइडवर एकच गोष्ट, तोंड लोकांकडे, आणि सुचेनासं झालं तर गप्प राहा, चित्राला बोलू दे." (चाळीस वर्षं शाळा हाकलेल्या बाईशी वाद कोण घालणार?) नऊच ठेवल्या. पण हौस दांडगी, म्हणून प्रत्येक शब्द गिरक्या घेत येईल अशी सोय केली.

पडद्यासाठी मायलिसने आपली चादर दिली, निळ्या फुलांची. पहिलं वाक्य गिरक्या घेत त्या फुलांत बसेपर्यंत रोलांडने दालचिनीचे दोन बन संपवले. वरच्या ग्रेटामावशी ओरडल्या, "अहो थांबवा ते, मला बोट लागतेय!" चौथ्या स्लाइडवर ड्रायरच्या जाळीत साचलेला लोकरीचा गोळा दोन मीटर उंच दिसला आणि मागून कुणीतरी विचारलं, "हे मांजर कुणाचं?" रोलांड लालबुंद. (जाळी कोण साफ करत नाही ते सगळ्यांना माहीत आहे, निनावी चिठ्ठ्या चिकटवून आम्ही दमलो.)

मग सातवी स्लाइड. पाळी ज्याची, त्याने खोलीबाहेरच्या वार-वेळांच्या फळ्यावर आपल्या खणात स्वतःचं छोटं कुलूप लावायचं, अशी आमच्याकडे पद्धत. फळा कधी रिकामा नसतो हे पटवायला मी गेल्या नऊ वर्षांचे नऊ फोटो ओळीने लावले होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतली मायलिस हसली आणि माझे सगळे आकडे पळाले. तुझं ऐकून गप्प राहिलो. ताई, चित्र बोललं गं!

"अगं बाई!" ग्रेटामावशी म्हणाल्या. "बाकीची कुलुपं दरवर्षी इकडची तिकडे. गुरुवारची ही दोन मात्र एकमेकांना सोडत नाहीत!"

एरवी जिन्यात मान हलवायलाही कां-कूं करणारे आमचे शेजारी पोट धरून हसले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण मायलिस शांतपणे उठली. "रोलांड, मत घ्या आता. माझी जागा मी सायकलीला देणार नाही."

एकतीस हात वर झाले. विरोधात एकटा रोलांड, तोही अर्धाच हात उचलून. ताई, मी आनंदाने वेडा झालोय, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतोय!

दाजींना नमस्कार.

तुझा,
टोर्स्टेन

ता. क. रविवारी मायलिस कॉफीला येतेय. माझ्या घरी!

ता. क. २. तुमचं वॉशिंग मशीन बंद पडलंय ना? दाजींना ट्रेलर जोडून शनिवारी पाठवच. माझ्या न्हाणीघरातलं घेऊन जा, फुकट. नऊ वर्षं झाली, पण चालतं उत्तम. (गुरुवारी खाली नेतो ते कपडे धुतलेलेच असतात.)