डावीकडची पिन

सोमवार
आलो एकदाचे घरी! भाड्याचं नवं घर, ऐसपैस. माझ्या पोटावर टाके, कुशीत लेक. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, महिनाभर जिना चढायचा नाही, बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. नवरा म्हणाला, म्हणजे मला उचलू नकोस, एवढंच ना! हसले तर टाके असे ओढले की शिवी तोंडात आली. सोबतीला आलेल्या मावशीने छान युक्ती शिकवली: ज्या बाजूला पाजलं, गाऊनच्या त्या खांद्यावर पिन लावायची. पुढच्या वेळी दुसरी बाजू.

बुधवार
दुपारी डोळा लागला. झोपताना पिन डावीकडे होती, उठले तर उजवीकडे. लेकीच्या हनुवटीवर ताजं दूध. मावशी म्हणाली, बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं. असेलही.

शुक्रवार
वरच्या खोलीत कोणीतरी चालतं. एक पाऊल, थांबणं, पुन्हा पाऊल. मी चालते तसंच, पोट धरून. मावशी वर जाऊन आली. नुसती आमची खोकी आहेत म्हणाली.

रविवार
नवऱ्याने घरमालकांना खोदून खोदून विचारलं. आधीची भाडेकरूही पोट फाडूनच बाळंत झाली होती. बाळ दवाखान्यातच गेलं. ती एकटी घरी आली, रोज त्याला शोधत जिना चढायची. टाके उसवले. वरच गेली.
मला दूध उरलेलं नाही. लेकीचं वजन मात्र वाढतंय. मला फार भीती वाटते. परवा हे घर सोडतोय.

सोमवार
पिन सकाळी कचऱ्यात टाकली. आत्ता खांद्यावर पिन आहे. गंजलेली. माझी नाही.
लेक माझ्याकडे तोंड फिरवते.

मंगळवार, दुपार
नवरा टेम्पो आणायला गेलाय, मावशी औषधाला. पाळणा रिकामा. वरून दूध गिळल्याचा आवाज —
पाचव्या पायरीवर बसले आहे. पुढे चढवत नाही. गाऊन लाल झालाय. फोन खाली राहिला, उशीखालची ही वही तेवढी हातात आली. तू टेम्पो घेऊन आल्यावर वाचशील म्हणून —
ती उतरतेय. एक पाऊल. थांबली. लेक कडेवर आहे —
मी हात पुढे केले. लेक मला बघून रडली. तिच्या गळ्यात तोंड लपवून —
ती विचारतेय, मी कोण, तिच्या घरात काय करते. सांगते आहे मी, सांगते, मी हिची —