घड्याळाला गृहभेट लागत नाही

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी पदवीधर झाले, घरात पहिलीच, हे तुम्हाला कळलंच नाही. आता बीडला मुलींची वसतिगृहं चालवणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत मी कॉम्प्युटरचं काम बघते. हे अभिमानानं सांगायचं होतं. पण सध्या मला स्वतःची किळस येते आहे, आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

सातवीत असताना हजेरीपट धरायला म्हणून तुम्ही मला वडवणीच्या पलीकडच्या एका वस्तीवर घेऊन गेला होतात. तिथली एक मुलगी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. पटावरून नाव कमी करण्याआधी घर बघायचं, ही तुमची रीत. ऊन रणरणतं होतं आणि तुमच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी शहाणपणानं म्हणाले, "बाई, भेट दिली असं लिहून टाकू की. कोण बघायला येतंय?" तुम्ही तिथंच थांबलात. "तुझ्या घरी न येता तुझं नाव कुणी खोडलं, तर चालंल का गं?" आणि तशाच फरफटत्या चपलेनं पुढं निघालात. वस्तीवर ती मुलगी कांजिण्यांनी भरलेली, कडुलिंबाच्या पाल्यावर पडलेली आहे. तिची आजी विचारते, "काहून आलाव बाई, एवढ्या उन्हाचं?" तुम्ही म्हणता, "तुमची नात हाय का पळून गेली, ते बघाया." आजी पोट धरून हसते. मी खाली मान घालून उभी आहे.

संस्थेचा हजेरीचा कॉम्प्युटर प्रोग्राम तयार होत होता तेव्हा बैठकीत मी हट्टानं तुमचाच नियम मांडला. मुलगी पंधरा दिवस गैरहजर असली तरी गृहभेटीची नोंद असल्याशिवाय तिचं नाव कमी होणार नाही. तो मान्य झाला. कारकुनानं रिकाम्या नोंदीवर नाव काढायचा प्रयत्न केला की पडद्यावर लाल अक्षरं येत. मला फार बरं वाटायचं.

पण रोज दुपारी दीडला, आम्ही डबे उघडतो तेव्हा, एक काम आपोआप चालतं. ते गैरहजर मुलींची नावं काढतं आणि रिकामी जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला देतं. माझ्या नियमामुळे ते रोज पहिल्याच नावावर अडकायला लागलं. आमचे कचेरीप्रमुख सर वैतागले. "आपोआप चालणारं काम घरी कसं जाणार? कॉम्प्युटरला काय मोटारसायकल घेऊन द्यायची?" सगळे हसले. मीही हसले. मग मी एक ओळ लिहिली: काम माणूस करत असेल तर गृहभेट विचार, घड्याळ करत असेल तर विचारू नकोस. सर म्हणाले, "शाब्बास, हुशार आहेस." नियम कागदावर तसाच राहिला. फक्त दीड वाजला की तो डोळे मिटून घेई. आणि वसतिगृहांच्या रेक्टरांना हे कळायला आठवडा लागला नाही. कशाला उन्हातान्हात घरं शोधायची? गप्प बसायचं, पंधरा दिवस भरले की नाव आपोआप जातं आणि सही कुणाचीच नसते. त्या सोयीची घाण मला तेव्हा आली नाही.

परवा गेवराईकडची एक बाई आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, मागं दहावीतली मुलगी, मुलीच्या डोक्यावर वळकटी. "माझा हात मोडला व्हता. सैपाकाला म्हणून पोरीला ठिवून घेतलं. निरोप बी धाडला. आज सोडाया गेले तर म्हणत्यात, नाव न्हाई, खाट दुसरीला दिली. कोणी काढलं वो नाव?"

मी म्हणाले, "सिस्टीमनं."

"त्यो कोण? त्याला बोलवा की. मी बोलते त्याच्याशी."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. मुलीनं वळकटी खाली ठेवली नाही.

त्याच दुपारी मी ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी दीडचं काम पुन्हा अडकलं. सर म्हणाले, "तत्त्वं घरी ठेवून येत जा." मी ओळ परत घातलेली नाही, पण ते दुसऱ्या कुणाकडून घालून घेतील. ती खाट आता ज्या मुलीला मिळाली आहे, तीही कुणाची तरी लेकच, तिला उठवायचं कसं? दहावीचं वर्ष चालू आहे, आणि गेवराईकडच्या या मुलीचं नाव प्रतीक्षायादीत सगळ्यात खाली आहे. ते मीच टाइप केलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्ही वाचू नये असं वाटतं. मी मुलीचा नवा अर्ज भरून दिला तेव्हा त्या बाईनं डावा हात माझ्या गालावरून फिरवला आणि म्हणाली, "तुज्यासारखी शिकल्याली पोरगी हितं हाय म्हणून बरं हाय बाई, न्हाईतर आमचं कोण ऐकतंय?" ती ओळ माझी होती, हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हणाले, "असू द्या हो मावशी," आणि तिला पाणी दिलं.