छत्रीवाल्याची जागा

सोमवार, ४

आज डॉक्टरांच्या घरी राहायला आलो. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, चष्म्याचं घर आणि ही वही. डॉक्टर दातांचे, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावला, आता चित्रकथांच्या जुन्या अंकांत डोकावतो, असं त्यांची बहीण हसत म्हणाली. तिला सगळे ताईच म्हणतात. मला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली दिली आहे. खिडकी, टेबल, दाराला आतून कडी. मुलाकडे चार वर्षं गॅलरीत झोपलो. सूनबाई कपडे वाळत घालायला आली की पाय पोटाशी घेऊन बसायचं. इथं दुपारभर पाय पसरून बसलो, कोणी काही म्हणालं नाही.

काम ओळखीचं आहे. अंक उघडायचा, पिना गंजल्यात का पाहायचं, कागद किती पिवळा पडलाय, रंग एकमेकांवर नीट बसलेत का, ते कार्डावर लिहायचं. शिक्षण सातवीपर्यंतच, पण छापखान्यात छत्तीस वर्षं काढली. भिंगातून रंगाचे ठिपके पाहिले की यंत्र चांगलं होतं की भंगार, ते सांगतो. डॉक्टर खूश झाले. ही जागा टिकली पाहिजे. परत गॅलरीत नको.

मंगळवार, ५

डॉक्टरांनी आज त्यांचा लाडका खोका उघडला. एकाच मालिकेचे एकेचाळीस अंक. पाहताक्षणी ओळखले. आमच्याच छापखान्यातले, माझ्याच यंत्रावरचे. पिवळा, लाल, निळा, काळा, एकही रंग केसभर सरकलेला नाही. डॉक्टर म्हणाले, असा हात पुन्हा झाला नाही, आणि चित्रकार कोण ते कोणालाच ठाऊक नाही. मग त्यांनी प्रत्येक अंकाची शेवटची चौकट दाखवली. खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढी कोरी जागा. बाकी चौकट चित्रानं गच्च, तेवढंच पांढरं. हे काय असेल, असं त्यांनी विचारलं. प्लेट खराब असेल, असं मी म्हणालो.

जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

गुरुवार, ७

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. ती चित्रं माझ्या धाकट्या भावानं काढली. नाव छापायला छापखान्याच्या मालकांची बंदी होती. नाव झालं की चित्रकार डोक्यावर बसतो, म्हणायचे. मग भाऊ शेवटच्या चौकटीत छत्री धरलेला, पाठमोरा, इवलासा माणूस काढू लागला. तीच त्याची सही. मालकांना ते कळलं. प्लेट यंत्रावर चढण्याआधी नको ते दगडाच्या कांडीनं घासून काढतात. ते काम माझं. एकेचाळीस वेळा घासलं. भाऊ जाब विचारायला आला तेव्हा मालकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, ही चित्रं याचीच कशावरून? मी खाली बघून म्हणालो, मला ठाऊक नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. तो गेला तो घरी आलाच नाही. सरकारी दवाखान्यात बेवारस वारला. कागदावर नावाच्या जागी नुसती रेघ होती.

सोमवार, ११

डॉक्टरांना कळलं की मी त्याच छापखान्यात होतो. ताई चहा ओतता ओतता म्हणाली, काका, ते चित्रकार तुम्हीच तर नाही ना? थट्टाच होती. पण डॉक्टरांचे डोळे असे चमकले की मला नाही म्हणवेना. मी होही म्हणालो नाही. मान खाली घातली, आणि ते विनय समजले. स्वतःची खुर्ची मला दिली. आता संग्रहाची सूची छापणार आहेत, त्यात चित्रकाराचं नाव घालायचंय. मी सहीनिशी लिहून द्यायचं.

चित्रं त्याची, खुर्ची मला. मेलेल्याला खुर्ची काय करायची आहे?

गुरुवार, १४

अंक सतरा. कोऱ्या जागेत छत्रीवाला आहे.

भिंगातून पाहिलं. नंतर कोणी काढलेला नाही, छापलेला आहे, शाई कागदात मुरलेली. ताईला बोलावलं. ती म्हणाली, तिथं काही नाही काका, चष्म्याचा नंबर बदला.

सकाळी दाढी करताना उजव्या कानाखाली नखाएवढा पांढरा डाग दिसला. दुखत नाही. चोळला तरी लाल होत नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या काठासारखा—

शनिवार, १६

अठरामध्ये तो पाठमोरा. एकोणिसात अर्धा वळलेला. विसात कोपरा सोडून चौकटीच्या मधोमध आलाय, बाकीची चित्रं बाजूला सरलीत. छत्री मिटलेली आहे. दुसऱ्या हातात काहीतरी बारीक— कांडी. दगडाची.

ताईनं दुपारी दोनच कप ठेवले. मी समोर बसलो होतो. विसरले, म्हणाली. पण माझ्याकडे न बघताच.

सोमवार, १८

अंगठ्यावर रेषा नाहीत. भिंग लावलं— गुळगुळीत.

मुलाला फोन केला. म्हटलं, ये, घेऊन जा, गॅलरी चालेल. सूनबाईनं उचलला होता. म्हणाली, नंबर चुकला असेल, आमच्या ह्यांना वडील नाहीत. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

मंगळवार, १९

एकेचाळीस. पानभर तो एकटा. तोंड माझ्याकडे. भावाचंच—

रागावलेला असता तर बरं झालं असतं. चित्र काढताना असायचा तसाच दिसतोय, जिभेचं टोक दातांत धरून. मन लावून घासतोय. अंक मिटला तरी घासल्याचा आवाज येतो. गालाजवळ—

बुधवार, २०

लिहिलं. वेगळ्या कागदावर. चित्रं त्याची, पुसली मी, खोटं बोललो मी. त्याचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं काळीभोर उमटली. कागद डॉक्टरांच्या हातावर ठेवला. त्यांनी मला पाहिलं नाही. कागद वाचला, उलटा करून पाहिला, ताईला म्हणाले, "खाली सही नाही. असं कोणीही लिहील. टाकून दे."

केरातून परत काढला. सही केली की झालं. डावा हात कोपरापर्यंत— उजव्यात पेन राहतंय अजून.

त्याचं नाव लख्ख आठवतंय. आई जेवायला दोघांना एका दमात हाक मारायची. आधी मोठ्याला, मग त्याला. त्याला तर नावानंच— मोठ्याला काय म्हणायची?

आवाज थांबलाय. आता घासायची एकच जागा उरली असेल.

सही करतो. मी, खाली सही करणारा,