बरे झालेल्यांचा रकाना

२ मार्च, सोमवार. सकाळी १०.
हेड ऑफिसचं पत्र आलं. मनाच्या दुखण्यातून बाहेर पडायला आपलं केंद्र लोकांना किती मदत करतं, ते महिनाभरात मोजा. सोबत छापील प्रश्नावली. तीस विधानं, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. कर्मचाऱ्यांनी भरायची, इथे येणाऱ्या सभासदांनीही भरायची. अहवाल ३१ तारखेपर्यंत. पहिल्या येणाऱ्या केंद्राच्या व्यवस्थापकाचं वार्षिक सभेत भाषण. व्यवस्थापक म्हणजे मी. भाषण लिहायला घेतलं.

संध्याकाळी ७.
संकल्प: मोजणी पूर्ण निःपक्षपाती करायची. निकाल कितीही चांगला आला तरी हुरळून जायचं नाही. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, भाषण झालं ना लिहून, मग मोजताय कशाला उगीच. तिला संशोधनाची पद्धत समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

५ मार्च, गुरुवार.
बाइंडर काका पुन्हा केबिनमध्ये. दोन वर्षांपूर्वी बहिणीने त्यांना हाताला धरून आणलं होतं. तेव्हा चार चार दिवस अंथरुणातून उठत नसत. आता पुस्तकबांधणीचं बंद दुकान पुन्हा उघडलंय. गिऱ्हाईक येतं सकाळी आणि आपला गुरुवारचा आधार-गट असतो सकाळी अकराला. गट संध्याकाळी सातला घ्या, म्हणजे दुकानही राहील आणि गटही, असं त्यांचं म्हणणं. गट सुटला तर पुन्हा घसरेन अशी भीती वाटते, म्हणाले. ही तिसरी विनंती. तिसऱ्यांदा प्रेमाने नाही म्हटलं. वेळापत्रक लॅमिनेट केलेलं आहे.

९ मार्च.
कर्मचाऱ्यांच्या सहाही प्रश्नावल्या मीच भरल्या. तेवढाच त्यांचा वेळ वाचला. सरासरी पाच. समुपदेशक बाई म्हणाल्या, ज्याची त्याने भरायची असते. मान्य केलं. आपलं मन मोठं आहे. कोऱ्या प्रती वाटल्या, सोबत माझी भरलेली प्रत नमुना म्हणून जोडली.

११ मार्च.
सभासदांची पाळी. नावं लिहून घ्यायची नाहीत, असं पत्रात स्पष्ट आहे. म्हणून नुसते नंबर घातले. कुठला नंबर कोणाचा याची यादी माझ्या खिशात, फक्त माझ्या माहितीसाठी. कोणाचं काही अडायला नको म्हणून एकेकाच्या खांद्यामागे उभा राहिलो. चौदा जण. सरासरी ४.८. माणसं किती मोकळेपणाने व्यक्त होतात! वातावरण पाहिजे फक्त.

१३ मार्च.
समुपदेशक बाईंनी यादी मागून घेतली आणि फाडली. मला चहाला बाहेर पाठवून प्रश्नावल्या पुन्हा भरून घेतल्या. २.१. ‘माझी गरज बदलली की इथली सेवाही बदलते’ या विधानाला तेरा शून्यं. चौदाव्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय.

विचार केला. अक्षर बारीक आहे, पाचाचा आकडा दिसला नसणार.

१६ मार्च.
मोठ्या अक्षरात छापून पुन्हा घेतल्या. १.९.
भाषणात किरकोळ दुरुस्ती. ‘गगनभरारी’ काढून ‘वाटचाल’ घातलं.

१९ मार्च, गुरुवार.
बाइंडर काका आले नाहीत. दोन वर्षांतली पहिली दांडी.

२६ मार्च, गुरुवार.
आजही नाहीत. फोन केला. मागे कसला तरी खडखडाट. गिऱ्हाईक उभं आहे, मग बोलतो म्हणाले. या माणसासाठी इतकं केलं आणि ऐन मोजणीत पाठ फिरवली! वाईट वाटलं. खरंच वाटलं.

अहवालाच्या पान सोळावर हजेरीचा तक्ता आहे. मीच आखलाय. रकाने दोन: ‘नियमित येतात’ आणि ‘सोडून गेले (अपयश)’. तेरा आणि एक. शेरा: पुस्तकबांधणी करणारे, वय ५४, सहकार्याचा अभाव. नाव लिहिलं नाही. गुप्तता म्हणजे गुप्तता.

३१ मार्च. सकाळी ९.
अहवाल तयार. चाळीस पानं, रंगीत आलेख. १.९ चा खांब फारच बुटका दिसत होता, म्हणून त्याला भडक हिरवा केला. कापडी बांधणी हवी, वर सोनेरी अक्षरं. नेहमीचा दुकानदार म्हणतो चार दिवस लागतील. इथे घोडं अडलं. समुपदेशक बाईंनी एक पत्ता दिला, आजच्या आज करून मिळेल म्हणाल्या. उगीच त्यांच्याविषयी वाईट मत करून घेतलं होतं.

संध्याकाळी ५.
दुकान बाइंडर काकांचं निघालं. आत सरसाचा वास, दाबयंत्र, कापडाचे तुकडे आणि तीन गिऱ्हाइकं. मला स्टूल दिलं. शिवण्याआधी एकेक पान उलटून बघायचं, मागेपुढे लागलेलं नाही ना, ही त्यांची पद्धत. मी म्हटलं, घाई आहे, बघत बसू नका. ते म्हणाले, न बघता आजवर एक वहीसुद्धा शिवलेली नाही.

पान सोळाला हात थांबला. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, की साहेब, बरा होऊन कामाला लागलेला माणूस यात कुठे लिहायचा? मी तक्ता नीट बघितला. जागाच नव्हती.

बांधून देतो, काम आहे माझं, म्हणाले. पण एकदा शिवलं की पान बदलता येत नाही, तेव्हा विचार करून सांगा. मग गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, दोन गुरुवार गट बुडाला, सकाळी उठणं पुन्हा जड जातंय. दुकान कसंबसं रेटून उघडतोय.

तासभर स्टुलावर बसून होतो. त्यांनी तिन्ही गिऱ्हाइकं मार्गी लावली. मी अहवाल न शिवता परत आणला. उशीर होईल असं हेड ऑफिसला कळवलं. ते म्हणाले, मग भाषण दुसऱ्या केंद्राला देतो. अगदी खुशीत म्हणाले, तेच खटकलं.

१ एप्रिल.
लॅमिनेशन फाटत नाही. ऑफिसची कात्री बोथट. शेवटी वेळापत्रकावर कागद चिकटवला: गुरुवार, संध्याकाळी सात. बायको म्हणाली, आजची तारीख बघता कोणी विश्वास ठेवणार नाही.

२ एप्रिल, गुरुवार. घरी आल्यावर.
केंद्र मीच उघडलं. चार जण येतील असा अंदाज होता, अकरा आले. दोघे कामावरून थेट, हातात डबा. बाइंडर काका पाच मिनिटं आधीच हजर, बोटांना सरस तसाच. समुपदेशक बाईंनी खुर्च्या गोल लावल्या. मी दाराशी हजेरीची वही घेऊन उभा, तर म्हणाल्या, उभे काय, बसा. सात वर्षं इथला व्यवस्थापक आहे, पण गटात बसायची ही पहिली वेळ.

रीत अशी: आपला आठवडा कसा गेला ते प्रत्येकाने सांगायचं, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. बाइंडर काका म्हणाले, आज पहाटे आपोआप जाग आली, संध्याकाळी इथे यायचंय हे माहीत होतं म्हणून. मी हजेरीची वही खुर्चीखाली ठेवली. तेवढ्यात माझीच पाळी. मी म्हटलं, एकदम मजेत! बाइंडर काका म्हणाले, सावकाश सांगा, घाई नाही.

मी चाळीस मिनिटं बोललो. तिघांची पाळी राहून गेली. पुढच्या गुरुवारी त्यांना आधी घ्यायचं आणि मला सगळ्यात शेवटी, असं एकमताने ठरलं.