वीस वर्षांच्या पेशी

क्योतो, १८ नोव्हेंबर

ती. आईस चिझुरूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून सोडून देतेस, म्हणून पत्रच लिहितेय. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेला हाडाचा तुकडा बाबांनी आमच्या प्रयोगशाळेला दिला ना, त्यातल्या मज्जेतून मूलपेशी मिळाल्या. नवीन हाड घडवायचं काम त्यांचं. पण बिचाऱ्या पार थकल्यात, वाढायचं नाव घेत नाहीत. त्यांना पुन्हा तरुण करता येतं का, हेच मी बघतेय.

आणि नीट ऐक, त्या पेशी बाबांच्या अंगात परत घालता येणार नाहीत. त्याला अजून बरीच वर्षं परवानगी मिळायची नाही. तेव्हा शेजारच्या तोमीमावशीला उगाच काही सांगत बसू नकोस.

बाबा काठीनं चालतात का? नववर्षाला येईन म्हणते. लोभ आहे तसाच असू दे.

तुझी चिझुरू

तांगो, ६ डिसेंबर

चि. चिझुरूस अनेक आशीर्वाद.

तोमीला सांगून झालंय, आता काय करू! आणि ते परवानगीचं मला सांगू नकोस. माणूस तो, हाड त्याचं, पेशी त्याच्या, मग मध्ये अडवणारे हे कोण? लवकर तरुण कर आणि घेऊन ये.

यांची तब्येत ठीक आहे. दोन्ही वेळा जेवतात. तुला सांगायला सांगितलंय, की पेशी तरुण झाल्या तरी त्यांना साके पाजू नकोस, त्या वयात आपल्याला ती झेपत नव्हती. मेल्याला अजून चावटपणा सुचतो.

बर्फ पडायला लागलंय. लोणच्यासाठी भाताच्या कोंड्याच्या मडक्यात मुरवलेले सलगम यंदा फारच आंबले. वर पांढरी बुरशी धरली. तुला पाठवणार होते, पण तोंडात घालवेनात. जपून राहा, माया ठेव.

तुझी आई

क्योतो, २७ जानेवारी

ती. आईबाबांस सा. न.

नववर्षाला आले नाही, रागावू नका. पेशींचं खाद्य एक दिवसाआड बदलावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर सोपवून आले असते, बाबांच्या सोपवायला मन धजेना.

पण आई, झालं गं! वाढायला लागल्या! आमच्या सरांना मी कुणाच्या ते न सांगता दाखवल्या, तर म्हणाले, वीस वर्षांच्या पोराच्या दिसतात. मी तिथेच रडले, वेड्यासारखी.

बाबा बरे आहेत असं तू दर पत्रात लिहितेस, म्हणून निर्धास्त आहे. महिन्याभरात फोटो घेऊन येतेच. लोभ असावा, आणि बाबांनी थोडं कौतुकही पाठवावं.

तुमची चिझुरू

क्योतो, २० मार्च

ती. आईस सा. न.

दहनानंतर तू आणि मी मिळून रीतीप्रमाणे चॉपस्टिकांनी बाबांची हाडं उचलली, तेव्हा खुब्याचा तुकडा पकडताच त्याचा भुगा झाला. सगळे नातेवाईक उभे होते, म्हणून गप्प राहिले. आता लिहिते. मला का नाही बोलावलंस? दोन्ही वेळा जेवतात, दोन्ही वेळा जेवतात! तोमीमावशी म्हणाली, डिसेंबरपासून ते उठलेच नव्हते.

मडक्याचं तेवढं खरं लिहिलं होतंस. मडक्यातला कोंडा रोज हातानं ढवळायचं काम बाबांचं. एक दिवसही तुला हात लावू देत नसत. तेच मडकं आंबलं, म्हणजे बाबा अंथरुणाला खिळलेत, एवढं मला कळू नये? पेशींचं पाणी जरा गढूळलं तर धावत जाणारी मी, ते पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

पेशी वाढतायत. सर म्हणाले, घरच्यांना नको असेल तर बंद करू. तू सांगशील तसं करेन. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

चिझुरू

तांगो, ८ एप्रिल

चि. चिझुरूस आशीर्वाद.

यांनीच मला बजावलं होतं. पोरीला बोलावलंस तर तिकडे त्या पेशी उपाशी मरतील, म्हणाले. पोरीच्या कामात आपली अडचण नको. मी ऐकलं. जन्मभर कधी ऐकलं नाही, आणि नको तेव्हा ऐकलं. मला माफ कर.

तुझं जानेवारीचं पत्र त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचलं. डोळे मिटलेलेच होते, पण हसले. वीस वर्षांचा, वीस वर्षांचा, असं पुटपुटत राहिले. तू रागावलीस तरी हे तुला सांगायचं होतं.

मडकं धुतलं, नवा कोंडा घातला. जुन्यातला खालचा चांगला मूठभर राखला, त्यांच्या हातचा. आता रोज मी ढवळते.

पेशी बंद करू नकोस. वाढू देत. पण एक विचार डोक्यातून जात नाही बघ. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सव्वीस वर्षांचे होते. त्याआधी आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं. मग त्या वीस वर्षांच्या पेशींना मी कोण, हे कुठून ठाऊक असणार? मला हसू नकोस. त्यांना खाद्य घालशील तेव्हा माझं नाव तेवढं सांगत जा. फुसाए म्हणावं.

माया आहेच.

तुझी आई