भट्टीजवळचं सांगणं

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली आणि आज मी तुला तुझ्याच एका रिवाजाबद्दल लिहितेय. कामठीत तू लग्नाचे स्वयंपाक घ्यायचीस, चार-पाच बायका हाताशी धरून. पंगती उठल्या की तुम्ही सगळ्या भट्टीजवळ बसायचात आणि पहिला घास घेण्याआधी प्रत्येकीनं आपलं काय बिघडलं ते सांगायचं. सुरुवात तुझी. "भात लागला वं आज माह्या हातून," तू म्हणायचीस, मग बाकीच्यांच्या जिभा सुटायच्या. थट्टा व्हायची, पण मांडवाबाहेर शब्द जायचा नाही. एकदा नव्या बाईनं वरणात मीठ जास्त पडल्याचं लपवलं, पाहुण्यांनी वाट्या तशाच ठेवल्या. ती पदर तोंडाला लावून रडतेय आणि तू तिच्या पानात बुंदी वाढतेयस. "लपवून काहून ठेवलं वं? मले सांगितलं असतं तर कणकेचे गोळे सोडले असते ना." पुढच्या लग्नापासून ती सगळ्यांच्या आधी बोलायला लागली.

मी रामदासपेठेत दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक टीम सांभाळते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्याकडे मागचाही त्याच दगडावर आपटतो, कारण पुढचा ठेच लागल्याचं कोणाला कळूच देत नाही. म्हणून मी शुक्रवारच्या चहाला तुझा रिवाज सुरू केला. आधी माझी चूक सांगितली. लोक हसले, हळूहळू मोकळे झाले. मग टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली की औषधांच्या मात्रेचा एक रकाना तिनं चुकीचा जोडलाय. आम्ही तो तिथेच दुरुस्त केला, दवाखान्यापर्यंत काही गेलंच नव्हतं. पण आमच्यातल्याच कोणीतरी ते वर पोचवलं आणि माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा साहेबांना पहिलं तिचंच नाव आठवलं. मी भांडले, आई. साहेब म्हणाले, "मॅडम, तिनं स्वतःच कबूल केलं ना?"

आता शुक्रवारी सगळे चहा पितात आणि आपापल्या फोनात बघतात. एकमेकांच्या भावना ओळखायला शिकवणारे एक गृहस्थ कंपनीनं बोलावले होते. त्यांनी आम्हाला गोल बसवून एकमेकांचं कौतुक करायला लावलं. सगळ्यांनी केलं, अगदी छान केलं. जुनं काम पूर्ण समजणारा एकच माणूस उरलाय, तोही सोडून चाललाय. त्याला विचारलं तर म्हणतो, "सब फाईल में है, मॅडम." फाईलमध्ये काही नाही हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मला त्याचा रागसुद्धा येत नाही, याचंच वाईट वाटतं.

काल त्या मुलीचा फोन आला. तिला दुसरीकडे काम मिळालंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, नव्या ठिकाणी काही चुकलं माझ्याकडून तर सांगून देऊ का?"

"नको," मी म्हणाले. क्षणभरही विचार केला नाही. ती "बरं" म्हणाली आणि वर माझे आभार मानले.

तू असतीस, तरी हे पत्र मी तुला दाखवलं नसतं.